चंदाबाई बारीक झाली

दसऱ्याच्या तोंडावर रेडियमवाल्याचा मॉनिटर जळावा, हे लग्नाच्या दिवशी आचाऱ्याचा हात भाजण्यासारखं आहे. दसऱ्याला गावोगावची वाहनं धुतली जातात, त्यांना झेंडूचे हार पडतात, आणि हार पडायच्या आत ट्रॅक्टरवर बापाचं, टेम्पोवर देवाचं आणि मोटारसायकलवर पोराचं नाव झळकलं पाहिजे, असा आपल्या वाशीम जिल्ह्यात अलिखित कायदाच आहे. नाव नसलेली गाडी म्हणजे कुणाची तरी मागून आणलेली, असंच लोक धरून चालतात.

मंगरूळपीरहून आसेगावकडे निघालं की वस्ती संपता संपता ‘जमशेद आर्ट’ लागतं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. सकाळी शटर वर गेलं की दुकान, रात्री खाली आलं की घर. खोलीत एक टेबल, टेबलावर मागे भलं मोठं कुबड असलेला काचेचा मॉनिटर, खाली पिवळा पडलेला कॉम्प्युटर आणि बाजूला रेडियम कापायचं यंत्र. त्याला सगळे कटर म्हणतात. कॉम्प्युटरवर नाव लिहायचं, की कटरचं इवलंसं पातं रेडियमच्या चिकट रोलवर चर्र चर्र फिरून अक्षरं कापतं. मग नको तो भाग सुईनं उचलून काढला की नाव तयार.

त्या सकाळी यास्मीनने बटण दाबलं. काचेवर एक पांढरी रेघ आली, आतून ‘टक्क’ असा आवाज झाला, आणि जळका वास सोडून मॉनिटरने मान टाकली.

“काय जळून राह्यलं?” दाराजवळच्या बाजेवरून तिच्या नवऱ्याने, जमशेदभाईंनी विचारलं. त्यांना दिसत नव्हतं. शुगरने त्यांचे डोळे नेले, त्याला आता तीनेक वर्षं होत आली होती. पण नाक आणि कान असे तल्लख झाले होते की शेजारच्या घरी कशाला फोडणी पडली ते इथे बसून सांगत.

“आपलं नशीब,” यास्मीन म्हणाली आणि कपाळाला हात लावून बसली.

जमशेदभाई मूळचे ब्रशवाले पेंटर. निम्म्या मंगरूळच्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या. फ्लेक्स आले आणि ब्रशला कोणी विचारेना, तेव्हा त्यांनी हा कॉम्प्युटर आणि कटर जुन्यातून घेतला. यास्मीन मराठी शाळेत शिकलेली, ते उर्दू शाळेत. म्हणून त्यांनी नाव लिहायचं आणि हिने शेजारी स्टूल टाकून ऱ्हस्वदीर्घ सांगायचं, अशी जोडी जमली. डोळे गेले तेव्हा स्टुलावरची यास्मीन खुर्चीवर आली. सुरुवातीला गिऱ्हाईक दारातून डोकावून विचारी, “भाई नाईत का?” आणि परत जाई. हळूहळू परत जाणं थांबलं. आणि खरं सांगायचं तर, या कामात यास्मीनचा जीव रमला होता. कोऱ्या पत्र्यावर नाव चिकटलं की गाडीचा मालक दोन पावलं मागे सरून जो हसतो, ते हसू तिला रोज पाहायला हवं असे.

मुलगा शहबाज पुण्याला नोकरीत होता. त्याला बातमी कळली तशी त्याने फोनवर तेच जुनं सुरू केलं. “अम्मी, आता तरी सोड तो भंगार. दोघं इकळे या. अब्बाचा इलाजबी नीट होईन.”

“कॉम्प्युटर चांगला हाय रे. नुसता मॉनिटर गेला.”

“मंग सगळंच नवीन घे.”

“नवीन घेऊन काय करू? ती चावी कोठी लावू?”

ही चावी म्हणजे काडेपेटीएवढा एक तुकडा, कॉम्प्युटरच्या मागच्या रुंद खाचेत बसवलेला. तो असेल तरच कटर चालवणारा प्रोग्राम उघडतो. नव्या कॉम्प्युटरांना ती खाचच नसते, आणि प्रोग्राम विकणारी कंपनी केव्हाच गाशा गुंडाळून गेलेली. म्हणजे कॉम्प्युटर हाच लागणार होता, म्हातारा झाला तरी.

शहबाज वाईट मुलगा नव्हता. मुलं आईबापाची काळजी करतात तेव्हा थोडी दांडगाई करतात, एवढंच. त्याच्या ऑफिसात चपटे मॉनिटर बदलले जात होते. त्यातला एक त्याने मागून घेतला आणि ट्रॅव्हल्सच्या गाडीतून धाडून दिला. वर फोन केला. “हा चालला तर ठीक. नाई चालला तर हट्ट सोडायचा. मी दसऱ्याच्या आदल्या दिवशी येऊन राह्यलो. वापस जायच्या तीन सीट बुक करतो.”

“बरं,” यास्मीन म्हणाली. दुसरं काय म्हणणार? पण फोन ठेवल्यावर ती विचार करत बसली. पुण्याला ती सुनेच्या स्वयंपाकघरात कांदे चिरून देईल, त्याचं काही नाही. पण हे बाजेवर बसून दिवसभर कटरची चर्र ऐकतात, आवाजावरून ‘पातं बोथट झालं व’ म्हणून सांगतात, ते तिकडे तिसऱ्या मजल्यावर काय ऐकणार? लिफ्ट?

त्याच दिवशी दुपारी उज्ज्वला आली. आसेगावजवळच्या तांड्यावरची, गोपीचंदची पोरगी, तिशीची. दरवर्षी दसरा-दिवाळीला ऊस तोडायला जाणाऱ्या टोळीत ही लहानपणापासून जात आलेली. यंदा तिने एक पांढरा टेम्पो घेऊन त्यात पिठाची गिरणी बसवली होती. तांड्यातांड्यातून फिरायचं, दारात दळून द्यायचं.

“नाव टाकाचं हाय चाची. मोठं. माह्या मायचं.”

“काय नाव?”

“चंदाबाई. बाजूच्या पत्र्यावर. दुरून दिसलं पायजे. दसऱ्याले पूजा करून गिरणी चालू करतो. टोळीवाले येऊन बसले घरी, चल म्हून राह्यले. मी म्हटलं, मायचं नाव लावलं का मंग मी कोठी जात नाई.”

यास्मीनकडे त्या घटकेला मॉनिटर नव्हता. तरी ती म्हणाली, “दसऱ्याच्या आदल्या दिवशी टेम्पो घेऊन ये.”

पार्सल आलं. पाटासारखा चपटा, लांबरुंद मॉनिटर बाहेर निघाला. निळी वायर बसली, बटण दाबलं. काळ्यावर पांढरी अक्षरं भराभर आली, आणि यास्मीनचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच सगळं गुडुप. मध्ये एका चौकटीत तीन इंग्रजी शब्द तेवढे तरंगत राहिले: इनपुट नॉट सपोर्टेड. तिने बंद केलं, चालू केलं, वायर काढली, फुंकर मारली, परत लावली. पांढरी अक्षरं येत, आशा लावत, आणि जात.

शेवटी बस स्टँडजवळ कॉम्प्युटर दुरुस्त करणारा तन्वीर आला. त्याने आपला लॅपटॉप त्या मॉनिटरला जोडून पाहिला; झकास चित्र आलं. मग जुन्या कॉम्प्युटरला जोडलं; परत तेच तीन शब्द. तो मान खाजवत बसला.

“चाची, स्क्रीन चांगला हाय. कॉम्प्युटरबी चांगला हाय. पण दोघायचं जमून नाई राह्यलं.”

“निकाह लावाचा का आता त्यायचा?” जमशेदभाई बाजेवरून म्हणाले.

तन्वीर हसला आणि कामाला लागला. अशा कॉम्प्युटरला बिचकत बिचकत, अगदी साध्या चित्रावर चालू करायची एक रीत असते. सुरू होताना योग्य वेळी एक बटण दाबून धरायचं. चार वेळा चुकलं, पाचव्यांदा जमलं. ओबडधोबड का होईना, चित्र आलं. तन्वीर आत शिरून शोधाशोध करत राहिला आणि एका जागी थबकला.

“हे पाहा. हा सेकंदाले पंच्याऐंशी वेळा चित्र फेकून राह्यला. चपट्या स्क्रीनले साठ लागते. म्हून तो नाई म्हणून राह्यला. पण एवढ्यावर कोनं नेऊन ठेवलं? अन् काहून?”

“मी ठेवलं,” जमशेदभाई म्हणाले.

“तुमी? कायले?”

“त्या काचेच्या डब्याचं चित्र साठावर थरथर करे. मले काई नोतं वाटत. पण हिचं डोकं दुखे. रोज संध्याकाळी कपाळाले पट्टी बांधे. मंग एकानं सांगतलं का आकडा वाढवला तर थरथर कमी होते. वाढवला.”

यास्मीन त्यांच्याकडे बघतच राहिली. डोकं दुखायचं ते एके दिवशी बंद झालं, हे तिला आठवत होतं. त्याचं श्रेय इतकी वर्षं ती एका हिरव्या बामाला देत आली होती आणि भेटेल त्या बाईला त्या बामाचं नाव सांगत आली होती.

“मले सांगतलं काहून नाई?”

“काय सांगाचं त्यात? डोकं दुखलं असतं तर तू बाजूले बसली असती का? मंग मले ऱ्हस्वदीर्घ कोनं सांगतलं असतं?”

एवढं बोलून त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. यास्मीनला त्या माणसाची अशी काही माया आली की तन्वीर नसता तर तिने उठून त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला असता. तन्वीर होता, म्हणून तिने चहा ठेवला.

तन्वीरने जुन्या मॉनिटरची आठवण कॉम्प्युटरमधून पुसून टाकली, पंच्याऐंशीचे साठ केले आणि पुन्हा चालू केलं. चित्र आलं, आणि ते गेलं नाही. या कडेपासून त्या कडेपर्यंत पडदा भरून आला. “चपट्या स्क्रीनले थरथरच नसते चाची. साठावरबी डोकं दुखत नाई,” असं सांगून, चहा पिऊन तो गेला.

आता इथे एक गोष्ट कोणाच्याच ध्यानात आली नाही, ती आत्ताच सांगून टाकलेली बरी. जुन्या मॉनिटरचा पडदा जवळजवळ चौकोनी होता. नवा होता आडवा, लांबोडका. कॉम्प्युटर बिचारा चौकोनी चित्रच पाठवत होता, आणि मॉनिटर ते दोन्ही बाजूंनी ओढून आपल्या अंगाला बसवत होता. पोळी लाटताना एकाच दिशेने लाटणं फिरवलं तर होईल तसं. म्हणजे पडद्यावर जे जे दिसत होतं, ते ते खऱ्यापेक्षा जाड दिसत होतं.

आणि यास्मीनची काम करायची रीत अशी, की उंची तेवढी फूटपट्टीची, बाकी सगळं नजरेचं. जमशेदभाईंनी शिकवलेलंच तसं. गाडीवर जागा किती उंच आहे ते मोजून आकडा घालायचा; मग अक्षर रुंदीला ओढायचं किंवा दाबायचं ते डोळ्यांनी. “आकड्यानं हिशेब होते, अक्षर होत नाई,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुसऱ्या कोणी आकडे पाहिले असते आणि वाचला असता. या घरात आकडे पाहण्याची चालच नव्हती.

तर यास्मीनने चंदाबाई लिहिलं. पडद्यावर अक्षरं अंग सुटल्यासारखी दिसली. तिने ती दाबली. अजून थोडी दाबली. ‘ब’चं पोट गोल दिसायला लागलं, ‘द’ नीट बसला, तेव्हा ती थांबली आणि समाधानाने मान हलवली. कटर चर्र चर्र चालला. लाल रेडियमवर कापल्याच्या रेघा दिसतही नाहीत, लांबच लांब पट्टा तेवढा बाहेर येतो. तो गुंडाळून तिने बाजूला ठेवला. सुईने निवडायचं काम गिऱ्हाईक आल्यावर, गाडीजवळच. आधी निवडलं तर अक्षरांना धूळ लागते. मधल्या दिवसांत दोन मोटारसायकली आणि एक ऑटो तिने अशाच काढून दिल्या. बारीक नावं ती, कोणी काही बोललं नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी शहबाज आला. आल्या आल्या त्याने चालू मॉनिटर पाहिला, “अरे, चालला की!” म्हणाला, पण त्याच्या तोंडावरून त्याला आनंद झाला की पंचाईत, ते कळेना. तीन सीट तर बुक झाल्या होत्या. “एक दिवस चालला म्हणजे झालं का अम्मी? उद्या कॉम्प्युटर बसन. मंग?” तो म्हणाला. यास्मीनने दाराकडे पाहिलं. उज्ज्वलाचा टेम्पो दारात उभा राहिला होता.

टेम्पोतून आधी उज्ज्वला उतरली आणि मग, गाडी एका अंगाला कलंडवत, खुद्द चंदाबाई. साठीची बाई, पण काय बाई! उंचीला बेताची आणि रुंदीला भरघोस. हातभर बांगड्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. ती येऊन दारातल्या ओट्यावर बसली आणि ओटा भरून गेला. वाचता तिला येत नव्हतं. सहीपुरतं आपलं नाव तेवढं ओळखता येत होतं.

यास्मीनने पट्टा उलगडला, सुईने निवडला, वर चिकटपट्टी लावून अक्षरं उचलली. पत्र्यावर साबणाचं पाणी मारलं. उज्ज्वलाने एक टोक धरलं, तिने दुसरं. नाव पत्र्यावर बसलं, वरची पट्टी निघाली. मग यास्मीन नेहमीसारखी मालकाचं हसू बघायला रस्त्यापलीकडे जाऊन वळली.

पांढऱ्या टेम्पोवर लाल अक्षरं उभी होती खरी, पण कशी? अंग चोरून, दाटीवाटीने, आठ दिवस जेवली नसल्यासारखी. पोटं आत गेलेली, मान लांब झालेली.

उज्ज्वला चांगली मुलगी. ती म्हणाली, “बरं हाय चाची. दिसते.” चंदाबाई मात्र ओट्यावरून उठून आली, कमरेवर हात ठेवून बघत राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, “हे कोन होय व? एवढी बारकी? मी तं नोहो.”

शहबाज हसला नाही. तो पुढे येऊन हळूच म्हणाला, “अम्मी, राहू दे. मी वाशीमवरून फ्लेक्स करून आणून देतो यायले. तू दमली आता.” त्या ‘दमली’ शब्दानं यास्मीनला जेवढं लागलं तेवढं शिव्यांनी लागलं नसतं. आणि त्याहून वाईट एक भीती तिच्या मनात आली. जमशेदभाईंचंही असंच सुरू झालं होतं. आधी एक ओळ तिरकी गेली, मग रंग चुकले. शुगर तर तिलाही निघाली होती. पडद्यावर मला जे बरोबर दिसलं, ते असं असेल, तर माझीही नजर चालली. हे तिने कुणाला सांगितलं नाही; ती तिथेच, रस्त्याच्या कडेला, दगडावर बसली.

“मले गाडीपाशी ने रे,” बाजेवरून आवाज आला.

शहबाजने अब्बांना हाताला धरून नेलं. जमशेदभाईंनी तळवा पत्र्यावर ठेवला आणि अक्षरांवरून बोटं फिरवायला लागले. वरून खाली, मग आडवी. ‘च’, ‘दा’, ‘बा’. पुन्हा एकदा ‘बा’.

“यास्मीन, उंची बरोबर हाय. कड साफ हाय. आडवं दाबून टाकलं तू याले. हे तुह्या हातचं नाई.”

“माह्या हातचंच हाय,” ती दगडावरून म्हणाली. “माहे डोळे गेले जी. मले पडद्यावर हेच गोल दिसलं.”

ते वळले. आवाजाच्या दिशेनं, बरोबर तिच्याकडे. “तुले तिकळून माह्या अंगरख्याचं बटन तुटलेलं दिसते का?”

तिने पाहिलं. “दुसरं.”

“मंग डोळे कोठी गेले? बोलत नको बसू. जे दिसलं ते पाह्य जाऊन.”

यास्मीन उठली. आत येऊन खुर्चीवर बसली आणि पडद्यावरच्या चंदाबाईकडे टक लावून बघायला लागली. पडद्यावर ती अजूनही छान होती. गोल, भरलेली. बाहेर उपाशी, आत जेवलेली. नाव एकच. मग दोघींतली खोटी कोण? तिने एक कोरं पान उघडलं आणि त्यावर एक गोल काढला. प्रोग्रामचाच गोल, ज्यात हाताची चूक होऊच शकत नाही. पडद्यावर अंडं दिसलं. आडवं पडलेलं अंडं.

तिने हातातली काचेची बांगडी काढली आणि पडद्यावर धरली. अंडं दोन्ही बाजूंनी बांगडीबाहेर आलं. मग तिने तोच गोल रेडियमवर कापायला दिला, चर्र झालं, सुईने सोलला आणि त्यावर बांगडी ठेवली. लहान होता, पण कुठूनही बघा, गोल होता. वाकडं काही कापलंच गेलं नव्हतं.

“शहबाज!” ती अशी ओरडली की चंदाबाईसुद्धा दचकली. “इकळे ये! माहे डोळे चांगले हायत! हा तुहा मॉनिटर खोटं बोलून राह्यला!”

सगळे दारात गोळा झाले. तिने बांगडी धरून दाखवली, सगळ्यांना, एकदा, दोनदा. शहबाजने कपाळावर हात मारला. “अरे, हा आडवा ओढून राह्यला चित्र. माह्या कसं नाई लक्षात आलं?” तो खाली वाकला. मॉनिटरच्या बुडाशी बारकी बटणं होती. ती दाबत दाबत तो आत कुठे कुठे गेला, दोनदा पडदा पार निळा करून बसला, आणि मग त्याला चौकोनी चित्राची सोय सापडली. पडद्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या, चित्र मधोमध आक्रसलं. यास्मीनने बांगडी लावली. बांगडीच्या आत गोल बरोब्बर बसला.

“पण अम्मी, दोन्हीकळून एवढा स्क्रीन वाया गेला,” शहबाज म्हणाला.

“जाऊ दे वाया. खरं तेवढं दिसलं म्हणजे पुरे.”

तिने चंदाबाई नव्याने लिहायला घेतलं. या वेळी मागे शहबाज, उज्ज्वला आणि चंदाबाई, तिघं उभी. अक्षर रुंदीला ओढलं की चंदाबाई म्हणे, “अजून.” उज्ज्वला म्हणे, “पुरे वं माय.” चंदाबाई म्हणे, “मी पुरे म्हणन तवा पुरे.” जमशेदभाई बाहेरून कान देऊन बसले होते. कटर सुरू झाला, पट्टा बाहेर यायला लागला, तसे ते म्हणाले, “हां. आता दमानं चालून राह्यला. ह्या अक्षराले अंग हाय.”

बारकी चंदाबाई पत्र्यावरून सोलून काढायला गरम पाणी आणि अर्धी दुपार लागली. दुसरी बसवली तेव्हा उन्हं कलली होती. दुकानासमोर आता दोन ट्रॅक्टर आणि एक पिकअप येऊन थांबली होती आणि त्यांचे मालक फुकटचा तमाशा बघत उभे होते. वरची पट्टी निघाली. चंदाबाई रस्त्यापलीकडे गेली आणि वळली. तिने पदर तोंडाला लावला. मग डोळ्यांना. ज्या बाईने जन्मभर दुसऱ्यांच्या उसाच्या मोळ्या बांधल्या, तिचं नाव हातभर अक्षरात, लाल रंगात, लेकीच्या गाडीवर होतं. उज्ज्वला मायला बिलगून रडायला लागली. यास्मीनलाही आवरेना, आणि तिने आवरायचा प्रयत्नही केला नाही.

रीत अशी आहे की काम झालं की कारागिराने कोपऱ्यात आपलं नाव लावायचं, बोटभर. यास्मीनने खणातून ‘जमशेद आर्ट’ची तयार पट्टी काढली.

“थांब,” जमशेदभाई म्हणाले. ते अजून गाडीपाशीच, पत्र्याला हात लावून उभे होते. “कोपऱ्यात काय लावून राह्यली?”

“नेहमीचंच.”

“ते नोको. हे काम जमशेदनं नाई केलं. शहबाज, तू बस. लिही. नुसतं यास्मीन, खाली मंगरूळपीर.”

यास्मीन “काहीतरीच तुमचं” म्हणाली, पण शहबाज केव्हाच खुर्चीवर बसला होता. आईचं नाव त्याने आजवर फॉर्मांतच लिहिलं होतं. तो एका एका बोटाने टाइप करत होता, मध्येच मागे वळून “‘मी’ दीर्घ ना?” विचारत होता. कापून झाल्यावर सुईने निवडायलाही तोच बसला आणि दोन अक्षरं फाडून त्याने तिसऱ्यांदा कुठे धड पट्टी तयार केली. मग खिशातून फोन काढून तो बाजूला गेला. परत आला तेव्हा ट्रॅक्टरवाल्याला म्हणाला, “काका, नाव सांगा. लाइनीनं घेतो. मी परवा जाऊन राह्यलो, एकटाच हाव. तोपर्यंत अम्मीच्या हाताखाली हाव.”

यास्मीनने ऐकलं. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर ती पुन्हा रडली असती आणि पुढे तीन गिऱ्हाईकं उभी होती. चंदाबाईने पट्टीचा कोपरा धरला आणि यास्मीनने आपलं नाव आपल्या हाताने पत्र्यावर बसवलं, बोटाने घासून घासून.

टेम्पो निघाला. आसेगाव रस्त्याला लागला. जमशेदभाई बाजेवर येऊन बसले, कान त्या आवाजाकडे लावून. आवाज विरला तेव्हा त्यांनी विचारलं, “चंदाबाई कोठपर्यंत दिसली?”

“पार वळणापर्यंत,” यास्मीन म्हणाली.

“अन् यास्मीन?”

ती पुढच्या ट्रॅक्टरची उंची मोजायला फूटपट्टी घेऊन उठली होती. “यास्मीन कोठी जाते जी?” ती म्हणाली. “इथंच हाय.”